बारा क्वार्टरचे पाटील आणि माझी पीआर

माझं कॅनडाचं पीआर कार्ड (कायम राहण्याचा परवाना) हातात पडल्यापासून आठवड्याला एक तरी फोन येतो. बहुतेक टोरांटोजवळच्या ब्रॅम्प्टनमधून. नांदेडचा कुणी, सोलापूरची कुणी, वर्क परमिट संपायला आलंय, गुण कमी पडतायत, "ताई, तुम्ही त्या छोट्या गावातून कसं केलं?" सगळ्यांना तेच ते सांगून घसा बसला, म्हणून एकदाच नीट लिहून काढते. मी इमिग्रेशनची सल्लागार नाही. मी एका हायवेवरच्या हॉटेलात कुक आहे. मला जे लागलं, जितकं लागलं आणि जिथे अडलं, तेवढंच सांगते.

माझं मूळ लातूर. बाबा एसटीत कंडक्टर होते, आई घर आणि पाच एकर कोरडवाहू बघायची. ऑगस्ट २०१९ मध्ये ऑन्टारियोत दोन वर्षांच्या कुलिनरी डिप्लोमाला आले. मधे कोविड आला. डिप्लोमा झाला, तीन वर्षांचं वर्क परमिट मिळालं, ते संपणार होतं ३० ऑक्टोबर २०२४ ला. ब्रॅम्प्टनमध्ये एका बँक्वेट हॉलच्या किचनमध्ये कामाला होते आणि तळघरातल्या एका खोलीत आम्ही तिघी राहत होतो.

मार्च २०२३ मध्ये मी गुणांचा हिशेब मांडला. एक्स्प्रेस एन्ट्रीत, म्हणजे गुणांच्या सोडतीवर पीआर देणाऱ्या केंद्राच्या योजनेत, माझे ४६८ भरत होते. त्या वर्षाच्या उत्तरार्धात सर्वसाधारण सोडत माझ्या गुणांपर्यंत खाली आली नाही. एका एजंटने सांगितलं, वीस हजार डॉलर दे, कागदावर नोकरी दाखवून गुण वाढवून देतो. नोकरीसाठी कामगाराकडून पैसे घेणं बेकायदा आहे, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी नाही म्हटलं त्यात तत्त्व वगैरे काही नव्हतं, माझ्याकडे वीस हजार नव्हतेच.

मग वर्गातल्या एका फिलिपिनो मैत्रिणीने आरएनआयपीचं नाव सांगितलं. रूरल अँड नॉर्दर्न इमिग्रेशन पायलट, म्हणजे ग्रामीण आणि उत्तरेकडच्या भागासाठीची प्रायोगिक योजना. २०१९ मध्ये केंद्र सरकारने अकरा छोट्या गावा-शहरांना घेऊन ही योजना सुरू केली होती. कल्पना सोपी आहे. गावात माणसं कमी पडतात, तर गावानेच सांगावं कोण हवंय. आधी त्या गावातल्या मालकाकडून कायमस्वरूपी, पूर्ण वेळ नोकरीचं पत्र. मग गावाच्या समितीची शिफारस. मग केंद्राकडे पीआरचा अर्ज. गुणांची सोडत नाही.

मी तीन महिन्यांत ४३ अर्ज पाठवले. उत्तरं आली दोन. एक उत्तर "नको" असं होतं. दुसरं क्लेअर्सहोमहून आलं.

मी नकाशा उघडला. पश्चिमेकडच्या अल्बर्टा प्रांताचा दक्षिण भाग, हायवे २, कॅल्गरी शहराच्या खाली सव्वाशे किलोमीटर. लोकसंख्या सुमारे ३,८००. बाबांना फोनवर सांगितलं तर त्यांचा पहिला प्रश्न, "गावात एसटी कितीला येते?" मी म्हटलं, बस नाही. ग्रेहाउंड नावाची कंपनी होती, तिने २०१८ मध्ये पश्चिम कॅनडातल्या जवळपास सगळ्या गाड्या बंद केल्या. बाबा जरा वेळ गप्प. मग म्हणाले, "बस येत न्हाई असं गाव असतंय का कुठं?" ज्या माणसाने तीस वर्षं तांड्या-वाड्यांपर्यंत घंटी मारत गाडी नेली, त्याला हे पटणं अवघडच होतं.

जुलैत व्हिडिओवर मुलाखत झाली. मालकीणबाईंनी स्वयंपाकाचं फारसं विचारलं नाही. म्हणाल्या, "तीन वर्षांत चार कुक आले आणि गेले. तू राहणार का?" मी म्हटलं, हो. खरं सांगायचं तर ते "हो" पीआरपुरतं होतं. हा प्रश्न पुढे दोन वर्षं माझी पाठ सोडणार नाही, हे तेव्हा कळलं नव्हतं.

निघण्याआधी एक काम ब्रॅम्प्टनमध्येच उरकलं, ते तुम्हीही तिकडेच उरका: भाषेची परीक्षा. विद्यार्थी म्हणून येताना दिलेली ॲकॅडमिक आयईएलटीएस इथे चालत नाही, जनरल लागते, आणि निकाल दोनच वर्षं धरतात. मी सेल्पिप ही कॅनडाची इंग्रजीची परीक्षा दिली, करासकट ३१५ डॉलर. कुकच्या कामाला पाचवी पातळी पुरते. परीक्षा केंद्रं मोठ्या शहरात ढिगाने असतात, गावातून दोन दोन तास गाडी हाणत जावं लागतं.

दुसरं, जुन्या मालकाचं अनुभवपत्र. गेल्या तीन वर्षांत १,५६० तासांचा अनुभव दाखवावा लागतो. मला मिळालेलं पत्र दोन ओळींचं होतं, "ही मुलगी आमच्याकडे होती, चांगली होती." त्यावर कुठलंही काम होत नाही. पत्रात हुद्दा, आठवड्याचे तास, पगार, तारखा आणि रोजची कामं सविस्तर हवीत. मीच मसुदा टाइप करून घेऊन गेले, तरी सही मिळायला पाच खेपा झाल्या. नोकरी सोडायच्या आधी हे पत्र खिशात घाला. सोडल्यावर कुणी फोन उचलत नाही.

२ सप्टेंबर २०२३ ला कॅल्गरीला उतरले. मालकीणबाई स्वतः न्यायला आल्या होत्या. अंधार पडला होता आणि दोन्ही बाजूंच्या शेतांत मोठमोठे दिवे फिरत होते. कंबाइन. सुगी चालू होती आणि लोक रात्रीचे कापत होते. आपल्याकडे हार्वेस्टर येतो तेव्हा सगळं गाव बघायला जमतं, इथे क्षितिजापर्यंत दहा-बारा मशिनी आणि बघायला कुणी नाही. दिवसा बघितलं तर नुसतं आकाश. पश्चिमेला पॉर्क्युपाइन टेकड्या, त्यांच्यामागे रॉकीज, बाकी तिन्ही दिशांना माळ. गावातून हायवे जातो, हायवेला समांतर रेल्वेचा रूळ, रुळाशेजारी एलिव्हेटर, म्हणजे धान्य साठवायचे उंच मनोरे. जुन्या दगडी रेल्वे स्टेशनात आता संग्रहालय आहे. रेल्वेच्या एका साहेबाच्या बायकोचं नाव क्लेअर, तिचं घर म्हणून क्लेअर्सहोम, असं गावात सांगतात.

तळघरातलीच खोली घेतली, पण या वेळी एकटीला, ७५० डॉलर. पगार ताशी साडेअठरा. इथे एक बघा: नोकरीच्या पत्रातला पगार त्या कामाच्या त्या भागातल्या सरकारी दरपत्रकात बसला पाहिजे, काम आठवड्याला निदान तीस तासांचं हवं आणि हंगामी नको. माझ्या योजनेत मालकाचा धंदाही तिथे किमान वर्षभर चालू असायला हवा होता. हे चारही मुद्दे मी मालकीणबाईंसोबत बसून तपासले. त्यांनाही हा फॉर्म नवीनच होता.

आता हॉटेलचं सांगते, कारण माझ्या पीआरची निम्मी गोष्ट तिथेच घडली.

आम्ही सकाळी सहाला उघडतो. साडेसहाला खिडकीजवळच्या लांब टेबलावर सहा-सात म्हातारे येऊन बसतात. सगळे शेतकरी किंवा निवृत्त शेतकरी. कॉफी, अंडी, हॅश ब्राउन, आणि मग दीड तास हवामान, गव्हाचा भाव, ट्रॅक्टरचे पार्ट आणि गावात कोण आजारी आहे याची चर्चा. आमच्या पारावर हेच चालतं, फक्त तिथे चहा असतो आणि बिडी. पहिल्याच आठवड्यात त्यातल्या एकांनी किचनच्या खिडकीतून मला विचारलं, घरी शेती आहे का. म्हटलं, पाच एकर. ते म्हणाले, "माझ्याकडे बारा क्वार्टर आहेत."

मी गार. सकाळचे सात वाजलेत, समोर ऐंशीच्या घरातला माणूस, आणि सगळ्यांसमोर बारा क्वार्टरची कबुली देतोय. आमच्याकडे एका क्वार्टरवर भांडणं होतात.

दुपारी फिलिपिनो सहकाऱ्याने खुलासा केला. इथे जमीन चौरसात मोजलेली आहे. एक मैल बाय एक मैल म्हणजे सेक्शन, ६४० एकर. त्याचा चौथा हिस्सा म्हणजे क्वार्टर, १६० एकर. बारा क्वार्टर म्हणजे १,९२० एकर. तेव्हापासून माझ्या मनात त्यांचं नाव पाटील पडलं ते पडलंच. इथेही मी त्यांना पाटीलच म्हणते, खरं नाव लिहायची गरज नाही. आणि गंमत म्हणजे हेच ते गाव, जिथून १९१७ मध्ये लुईझ मॅकिनी अल्बर्टाच्या विधिमंडळात निवडून गेल्या. सगळ्या ब्रिटिश साम्राज्यात विधिमंडळावर निवडून आलेल्या पहिल्या दोन बायकांपैकी एक. त्यांचा आयुष्यभराचा लढा दारूबंदीसाठी होता. क्वार्टरचा विनोद त्यांना आवडला नसता.

ऑक्टोबर-नोव्हेंबर समितीच्या अर्जात गेले. फॉर्म लांब नाही. पण त्यात "या गावातच का राहायचं आहे" हे स्वतःच्या शब्दांत लिहायचं होतं. मी इंटरनेटवरून उचललेलं छापील लिहिलं: शांत परिसर, स्वच्छ हवा, मनमिळाऊ लोक. वाचून मलाच लाज वाटली. स्वच्छ हवा कसली, इथला वारा माणसाला रस्त्यावरून ढकलतो.

ती आठवण काढली की पाटलांचा एक किस्सा सांगावाच लागतो. मी कॉफी भरायला बाहेर गेले होते, त्यांनी विचारलं, कागद कुठवर आले. मी म्हटलं, राहण्याचा इरादा सिद्ध करायचा आहे, तो कसा करतात? पाटील हसले. म्हणाले, "माझ्या आजोबांनाही करावा लागला होता." जुन्या डोमिनियन लँड्स ॲक्टमध्ये दहा डॉलर भरले की १६० एकर मिळायचे, पण कच्चे. तीन वर्षं त्या जागेवर राहायचं, घर उभं करायचं, माळ फोडून वहितीत आणायचा. मग शेजाऱ्यांच्या साक्षीने अर्ज करायचा, तेव्हा कुठे पट्टा नावावर व्हायचा. कित्येक जण पहिल्या-दुसऱ्या हिवाळ्यातच पळाले. "आजोबासुद्धा राहायला आले नव्हते," पाटील म्हणाले, "तीन वर्षं काढून, विकून पुढे जायचं ठरवलं होतं." मग पुढे त्यांनीच जोडलं, की त्याआधी ही जमीन ब्लॅकफूट लोकांची होती, १८७७ च्या करारानंतर ती सरकारच्या हातात गेली, आणि त्यांना कुणी इरादा विचारला नव्हता. टेबलावर जरा शांतता झाली. मग कुणीतरी गव्हाचा भाव काढला.

त्या रात्री मी फॉर्म पुन्हा लिहिला. लिहिलं की मी कोरडवाहू भागातली आहे, शेतकऱ्यांना सकाळी काय खायला लागतं ते मला कळतं, आणि इथे किती वर्षं राहीन हे आज छातीठोक सांगता येत नाही, पण दोन हिवाळे काढायची तयारी करून आलेय. मालकीणबाई म्हणाल्या, असं प्रामाणिक नको लिहूस. मी तसंच पाठवलं. तारीख २७ नोव्हेंबर २०२३. सगळ्यांनी असं करावं असं मी म्हणणार नाही, माझ्या बाबतीत चाललं एवढंच.

हिवाळ्याचं एकच सांगते. १३ जानेवारी २०२४, शनिवार. बाहेर उणे पस्तीसच्या आसपास. मी ७,८०० डॉलरला जुनी कोरोला घेतली होती आणि तिचं इंजिन रात्री प्लगला लावून ठेवायला शिकले होते. त्याला ब्लॉक हीटर म्हणतात, गाडी घेताना आहे का ते बघूनच घ्या. ऑन्टारियोचा परवाना अल्बर्टात आल्यावर नव्वद दिवसांत बदलून घ्यायचा असतो, तेही करून झालं होतं. तर त्या संध्याकाळी पावणेसातच्या सुमाराला हॉटेलातले सगळे फोन एकदम किंचाळले. राज्यभर वीज कमी पडतेय, अनावश्यक दिवे लगेच बंद करा. गिऱ्हाइकं घाबरली. मालकीणबाईंचा चेहरा पांढरा. मला मात्र हसू आवरेना. भारनियमन! बारा बारा तासांचं भारनियमन काढून मी दहावी झाले. पाटी बंद केली, फ्रायर एकच ठेवला, टेबलांवर मेणबत्त्या लावल्या. तासा-दोन तासांत संकट टळलं, वीज गेलीच नाही. पण त्या दिवसानंतर लोक मला नावाने हाक मारायला लागले.

जानेवारी संपता संपता चिनूक सुटला. रॉकीजवरून उतरणारा हा कोरडा गरम वारा काही तासांत वीस अंश फरक पाडतो. सकाळी बर्फ, दुपारी गटारं वाहतायत. पश्चिमेला ढगांची कमान दिसली की समजायचं. मला वाटलं लोक खूश होतील, पण लांब टेबल गप्प होतं. बर्फच पडलं नव्हतं, जे होतं तेही वाऱ्याने खाल्लं, ओल्डमन धरणात तळ दिसत होता. तेव्हा मी त्यांना २०१६ चं लातूर सांगितलं. मिरजेहून साडेतीनशे किलोमीटर रेल्वेने पाणी आणलं होतं आमच्याकडे, पहिल्या गाडीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. स्टेशनवर ती बघायला झालेली गर्दी. घागरीसाठी रांगेत उभी असलेली आई. पाटलांनी कॉफीचा कप खाली ठेवला आणि विचारलं, "रेल्वेने? पाणी?" पुढचे दोन महिने गावात कुठेही गेले तरी कुणीतरी म्हणायचं, ती पाण्याच्या रेल्वेवाली मुलगी तूच ना.

समितीची शिफारस ९ फेब्रुवारी २०२४ ला आली. त्याआधी फोनवर वीस मिनिटं बोलणं झालं होतं. त्यातही तोच प्रश्न होता.

यानंतर खरा कागदांचा डोंगर. आयएमएम ०००८, ५४०६, ५६६९ आणि पायलटचे वेगळे फॉर्म. सगळ्यांत घातकी ५६६९. त्यात गेल्या दहा वर्षांचा महिन्या-महिन्याचा हिशेब द्यायचा असतो आणि एकही महिना मोकळा सोडायचा नसतो. मी दोनदा तपासला, बरोबर वाटला. लांब टेबलावरच्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी लाल पेन घेऊन वाचला आणि एप्रिल-मे २०२० वर गोल काढला. लॉकडाउनमध्ये मी नुसती खोलीत बसून होते, म्हणून काही लिहिलंच नव्हतं. "बेरोजगार, घरी" असं लिहायचं असतं. अशा एका फटीपायी अख्खा अर्ज अपूर्ण म्हणून परत येऊ शकतो. नोकरी नव्हती, शाळा नव्हती, फिरायला गेला होता, काहीही असो, लिहा. आणि दुसऱ्या कुणाकडून तरी वाचून घ्या, आपल्याला आपली चूक दिसत नाही.

पत्त्याचा एक घोळ सांगते. गावात टपाल घरी येत नाही, पोस्टात पेटी असते. म्हणजे राहण्याचा पत्ता वेगळा आणि टपालाचा वेगळा, दोन्ही रकाने नीट भरा. आणि पिन कोड टी-झीरो-एल, झीरो-टी-झीरो. दुसरं अक्षर शून्य असलं की ग्रामीण भाग. मी एका ठिकाणी शून्याऐवजी ओ टाइप केला आणि साइट अर्धा तास मला मूर्ख ठरवत होती.

भारतातला पोलिस दाखला कॅल्गरीतल्या केंद्रातून मागवला, साधारण पन्नास डॉलर. सात आठवडे लागले, कारण पडताळणी लातूरच्या पत्त्यावर. हवालदार घरी आल्यावर अख्ख्या गल्लीने आईला विचारलं, पोरीनं काय केलं? घरच्यांना आधी सांगून ठेवा. मी अंदाज घेऊन नोव्हेंबरातच अर्ज टाकला होता म्हणून वेळेत आला.

२१ मार्च २०२४ ला अर्ज पाठवला. फी १,३६५ डॉलर. ३० एप्रिलपासून ती १,५२५ झाली, तेवढे १६० वाचले. इथे कामाला असल्यामुळे बँकेत शिल्लक दाखवायची गरज पडली नाही, आणि डिप्लोमा कॅनडाचा असल्याने शिक्षणाचं मूल्यांकनही नाही. भारतातल्या पदवीवर करत असाल तर विद्यापीठाच्या गुणपत्रकांना किती महिने लागतात ते आधी विचारा.

मग वाट बघणं. त्याबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. जूनमध्ये पोच आली. जुलैत बायोमेट्रिक, ८५ डॉलर. सप्टेंबरमध्ये वैद्यकीय तपासणी, २३० डॉलर, ठरवून दिलेल्या डॉक्टरकडेच करावी लागते. दोन्हींसाठी कॅल्गरीच्या खेपा, प्रत्येक खेपेला एक दिवसाचा पगार बुडाला. मे महिन्यात १० तारखेच्या रात्री आकाशात ध्रुवीय प्रकाशाचे हिरवे-गुलाबी पडदे हलत होते, सगळं गाव रस्त्यावर गाद्या-खुर्च्या टाकून बघत होतं, आणि मी मधेच फोन काढून अर्जाची स्थिती तपासत होते. इतका चुकीचा सोस कधी केला नसेल.

२० ऑगस्टला पायलटवरचं वर्क परमिट मागितलं, १५५ डॉलर. पीआरच्या अर्जाची पोच त्याला जोडावी लागते. जुनं परमिट संपायच्या आत अर्ज गेला असेल तर निर्णय येईपर्यंत त्याच अटींवर काम चालू ठेवता येतं, फक्त त्या काळात देशाबाहेर जायचं नाही. आजी त्याच ऑक्टोबरात गेली. मी गेले नाही. व्हिडिओवर बघितलं. मालकीणबाईंनी तीन दिवस सुट्टी दिली, पण खोलीत बसून करायचं काय, म्हणून मी दुसऱ्याच दिवशी कामावर गेले. लांब टेबलाला कुणी सांगितलं कोण जाणे. त्या दिवशी कुणीच अंड्यांबद्दल तक्रार केली नाही, आणि शिक्षिकाबाई संध्याकाळी ॲपल पाय घेऊन आल्या. तेरावं झालं त्या दिवशी मी तळघरात पुरणपोळी केली आणि एक पाटलांना दिली. ते म्हणाले, हा गोड पराठा छान आहे. असो.

परमिट ८ नोव्हेंबरला मंजूर झालं, कागद टपालात पडला, आणि १५ नोव्हेंबरला देशभर टपाल कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला. तो १७ डिसेंबरपर्यंत चालला. ऑनलाइन खात्यात मंजुरी दिसत होती म्हणून काम अडलं नाही, पण मूळ कागद माझ्या पेटीत पडला २३ डिसेंबरला. त्यामुळे ऑनलाइन येणारं प्रत्येक पत्र लगेच उतरवून ठेवायची सवय लावा.

२०२५ उजाडलं. या काळात मी तीनदा ठरवलं, पीआर आली की कॅल्गरीला जायचं. तिथे मराठी मंडळी आहेत, गणपती आहे, भरलेल्या वांग्यांना लागतात तशी छोटी वांगी मिळतात. पीआर झाल्यावर देशात कुठेही राहायचा हक्क असतो, कुणी अडवत नाही. आरएनआयपी तोवर बंदही झाली होती, तिच्या जागी रूरल कम्युनिटी इमिग्रेशन पायलट आली, चौदा ठिकाणं, त्यात हे गावही आहे. फोन करणाऱ्यांनो, तुम्हाला आता ही नवी योजना बघायची आहे. तिचे नियम माझ्यासारखेच असतील असं धरून चालू नका, गावाच्या अधिकृत पानावर वाचा. नोकरी आधी, शिफारस मग, हा क्रम तोच आहे.

२ जुलै २०२५ ला दुपारच्या गर्दीत ईमेल आली. देशातच आहात का, पत्ता हाच का, फोटो चढवा. फोटो तीनदा नाकारला गेला, कारण मागे सावली. शेवटी मालकीणबाईंनी फ्रीझरच्या पांढऱ्या दरवाजासमोर उभं करून काढला, तो चालला. १८ जुलैला पीआरचं पत्र ऑनलाइन आलं. कार्ड आलं २७ ऑगस्टला. पोस्टातल्या बाईंनी पाकीट पेटीत न टाकता काउंटरवर माझ्या हातात दिलं. दोन वर्षं मी रोज विचारत होते, त्यांनाही ते पेटीत टाकवलं नसावं.

हिशेब विचारणाऱ्यांसाठी: परीक्षा, पोलिस दाखला, तपासणी, बायोमेट्रिक, परमिट, पीआरची फी आणि फोटोंचे तीस धरून २,२३० डॉलर. गाडी, पेट्रोल आणि बुडालेले पगार वेगळे. एजंटला शून्य.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला पाटलांनी विचारलं, "मग, निघालीस?" मी म्हटलं, आत्ता कुठे, गहू पिवळा पडलाय, तुम्ही सगळे रात्री अकराला बर्गर मागायला येणार, करणार कोण? हे टाळायचं उत्तर होतं हे त्यांना कळलं. पुढे विचारलं नाही.

आता बाबांच्या व्हिजिटर व्हिसाचा अर्ज भरतेय. शंभर डॉलर फी, ८५ बायोमेट्रिकचे. निमंत्रणपत्र मीच लिहिलं, शिक्षिकाबाईंनी लाल पेन फिरवलं. बाबांचा प्रश्न तोच, विमानतळावरून गावापर्यंत यायचं कसं, बस तर नाही. पाटलांच्या कानावर गेलं. ते म्हणाले, पिकअप घेऊन मी जातो, फक्त सुगीत नको. मी बाबांना सांगितलं, बारा क्वार्टरचे मालक स्वतः न्यायला येणार आहेत. क्वार्टरचा अर्थ आधी नीट समजावून सांगितला.

बाबा म्हणाले, "ते ठीक. तिकीट किती घेतील विचार."